सायकलीला दिलेला डाग

धनराजच्या दुकानात तीन शब्दांना बंदी होती. मराठी गिऱ्हाइकाला 'होत न्हाई' म्हणायचं नाही, कन्नड गिऱ्हाइकाला 'आगल्ल' म्हणायचं नाही, आणि उर्दू बोलणाऱ्याला 'नै होता' म्हणायचं नाही. खजुरीच्या फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं पत्र्याचं दुकान. तिफणीचा फण तुटो, ट्रॅक्टरचा हूक निखळो, कुणाच्या गोठ्याचं फाटक लोळण घेवो. माणूस दारात उभा राहून तोंड उघडायच्या आत धनराजचं उत्तर तयार असायचं, होतंय की. आणि व्हायचंही. मशीन म्हणजे तांब्याच्या तारेचं एक जुनं धूड, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा, चिमट्यात जळणारी रॉड आणि डोळ्यापुढं धरायला काळी काच. एवढ्या भांडवलावर बावीस वर्षं त्यानं पंचक्रोशीचं लोखंड जोडलं होतं. पण जाड लोखंड. हे ध्यानात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली.

गावात सप्ता बसला होता. सहावा दिवस. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन, आणि त्याला मंठाळकडचे अंबाजी महाराज येणार म्हणून गाव आठ दिवस आधीपासून खुशीत होतं. महाराज अडुसष्ट वर्षांचे, देहानं भारदस्त, आवाज जरासा घोगरा. पण त्या घोगऱ्या आवाजात अभंगाचा पहिला चरण सुरू झाला की ओसरीवर डुलक्या घेणारा म्हातारासुद्धा सरळ बसायचा. आणि हा माणूस कुठंही जायचा तो सायकलवर. मंडळं जीप पाठवायची, ती रिकामी परत यायची. पायडलाच्या तालावर पाठांतर चांगलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पाठीवर कापडी खोळीतली वीणा, मागं कपड्याचं गाठोडं, धोतराचा काष्टा घट्ट आणि ओठ सारखे हलताहेत, असे महाराज रस्त्यानं दिसले की शेतातले लोक औत थांबवून हात जोडायचे.

त्या दुपारी महाराज आले ते सायकल हातात धरून. फाट्याच्या अलीकडं दीड कोसावर गतिरोधकावरून जाताना हँडलाखाली कट् असा आवाज झाला, म्हणून उतरले आणि चालत आले होते. धनराजनं सायकल उलटी केली. हँडलच्या उभ्या नळीत खालची तिरपी नळी जिथं शिरते, त्याच्या चार बोटं मागं चीर होती. वरून केसाएवढी. नखानं रंग खरवडला तर अर्ध्या गोलाईपर्यंत गेलेली. हा सांधा म्हणजे सायकलीची मान. तो सुटला की चाक मागं राहतं आणि माणूस तोंडावर पुढं जातो.

हे तुझ्याकडं होतंय का, का आळंदला नेऊ, असं महाराजांनी विचारलं. धनराज म्हणाला, होतंय की महाराज.

महाराज बाकड्यावर टेकले आणि गुणगुणत बसले.

सायकलीची नळी आतून पोकळ असते आणि पत्रा भाकरीच्या पापुद्र्यापेक्षा थोडा जाड. त्यात ही तीस वर्षांची, आतून गंजानं खाल्लेली. असल्या नळीला त्या मशीननं जोडायचं म्हणजे कुऱ्हाडीनं दाढी करायची. करंट कमी ठेवला तर रॉड चिकटून बसते, वाढवला तर पत्राच वितळून खाली गळतो. बारीक रॉड दुकानात होत्या, पण ओल धरलेल्या. त्या फुरफुरायच्या आणि विझायच्या. त्यानं जाड रॉड लावली. पहिल्याच ठिणगीला चिरेच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. ते बुजवायला गेला तर हरभऱ्याएवढं झालं. तेवढ्यात देवळातून माणूस धावत आला. धनराजनं रॉड टेकवली की गावाचा करंट उतरतो, माइक घरघरतो आणि पारायण वाचणाऱ्याची ओळ चुकते, तेव्हा किशनअण्णांनी सांगितलंय, वाचन थांबेल तेव्हाच काय ते कर. किशनअण्णा म्हणजे किशनराव, सप्त्याचे मुख्य. त्यांचा शब्द मोडायची सोय नव्हती. मग धनराज हातात चिमटा धरून कान देवळाकडं लावून बसायचा, वाचन थांबलं की ठिणगी पाडायचा, आणि भोक आणखी वाढायचं. तीन वाजेतो ते चिंचोक्याएवढं झालं.

महाराज मायेनं म्हणाले की सावकाश चालू दे, मी स्नान उरकून पाचाला येतो. ते गेले. आणि धनराज त्या भोकासमोर एकटा राहिला.

आता खरं तर एवढंच करायचं होतं. पाचाला महाराज आले की म्हणायचं, माझ्याच्यानं झालं न्हाई. पण बावीस वर्षं जो शब्द जिभेवर आलाच नाही, तो ऐनवेळी कुठून येणार? माणूस सवयीनं खरं बोलतो तसा सवयीनंच अडकतो. शेजारी रत्नपालचं गाड्या रंगवायचं दुकान होतं. गाडीला पोचा आला की तो खड्डा भरायला रंगारी जो लेप लावतात, त्याला ते लांबी म्हणतात. धनराजनं रत्नपालकडून वाटीभर लांबी मागून आणली. कशाला म्हणून विचारलं तर दाराला खड्डा पडलाय म्हणाला. रत्नपाल हात पुसत एवढंच बोलला, "लवकर सुकती बग. पन वजन घेत न्हाई बरं का."

भोकात लांबी भरली, सुकली, कानशीनं घासली, वर हिरवा रंग मारला. काम असं उठून दिसायला लागलं की कंपनीनं आत्ताच पाठवलीय म्हणावं. धनराजनं मनाची समजूत घातली, इथून देवळापर्यंत तर जायचंय. उद्या कीर्तन झालं की सायकल ठेवून घ्यायची आणि निवांत नीट करायची.

पाचाला महाराज आले. सांध्यावरून त्यांनी हात फिरवला, तो हात कपाळाला लावला, आणि जाता जाता म्हणाले की उद्या काला झाला की इथनं परभारे निंबर्ग्याला, सांजच्याला तिथं कीर्तन लागलंय.

निंबर्ग्याचा रस्ता तळ्याच्या उतारावरनं जातो. बैलगाडीवाले तिथं चाकाला धोंडा लावतात, असला तो उतार.

सकाळी अंजूनं, त्याच्या बायकोनं, पुढं भाकरी ठेवली. त्यानं तोंड फिरवलं. काल धूर गेला पोटात, म्हणाला. देवळात तो मागं खांबाआड बसणार होता, तर किशनरावांनी हाताला धरून ओढत अगदी पुढं आणलं, महाराजांच्या समोर, टाळकऱ्यांच्या पायाशी. कारण सांगितलं नाही, नुसते मिशीत हसले.

तिथून देवळाचं दार सरळ दिसत होतं, आणि दारातून ध्वजाच्या कट्ट्याला टेकवलेली सायकल. मागं माणसांची भिंत. आमच्या गावांत रीत अशी की कीर्तनातून मध्येच उठायचं नाही. पोर रडलं तरी बाई पदराखाली घेते, पण उठत नाही. धनराज मांडी घालून बसला तो बसलाच.

कीर्तन असं रंगलं की काय सांगावं. पखवाजावर थाप पडली आणि महाराजांनी वीणा छातीशी धरून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा देऊळच एक पाऊल पुढं सरकल्यासारखं वाटलं. पूर्वरंग झाला, अभंगाचे चरण उलगडत गेले. एरवी धनराजनं मान डोलवली असती. तो कीर्तनाचा भुकेला माणूस. आज त्याला प्रत्येक शब्द सायकलीवर जाऊन आदळताना दिसत होता. मग महाराज थांबले, घाम पुसला, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"बाबांनो, आपल्या बोलीत एक शब्द हाय. डाग. म्हंजे काय वो?"

बायकांतून कुणीतरी म्हणालं, कलंक.

"व्हय, कलंक. पन माय, तुमीच सोनाराकडं जाऊन काय म्हंता? यंदा एक डाग केला, गळ्यातला. म्हंजे डाग हा दागिना बी झाला. गुराख्याला इचारा, लंगड्या बैलाला तो काय देतो? डाग. बैल वरडतो, आन् चार दिसानं चालाय लागतो. आन् चौथा डाग कुनाला इचारायचा? तो ह्यो बसलाय माझ्यापुढं. आमचा धनराज."

सगळं देऊळ मागून पुढं झुकलं. धनराजच्या मानेवर ऊन पडल्यासारखं झालं.

महाराज सांगत गेले. काल माझी सायकल मोडली, मी मोडलो. ह्यानं दुपारभर बसून डाग दिला. आधी पोळावं लागतं, वितळावं लागतं, तेव्हा तुटलेलं तुटलेल्याला धरतं. देव आपल्या चिरलेल्या मनाला असाच डाग देतो; आपण वरडतो, का रे देवा पोळतोस म्हणून. पण जोडलेली जागा मूळच्या नळीपेक्षा घट्ट असते. कलंक तोच, दागिना तोच, चटका तोच, सांधा तोच. एका शब्दात चार धाम. असं म्हणून ते वाकले, वीणेचा भोपळा जवळजवळ धनराजच्या कपाळाला लागला, आणि त्यांनी लाडानं विचारलं,

"सांग धनराज ह्या लोकांला. डाग पक्का हाय का?"

टाळ थांबलेले. पाचशे माणसं. धनराजला त्या शब्दाचा पाचवा अर्थ आठवला, जो महाराजांनी सांगितला नव्हता. गावात कुणी गेलं की मसणवट्याहून परतणाऱ्याला विचारतात ना, डाग दिला का, तो. दारातून सायकल चकाकत होती.

"व्हय महाराज," तो म्हणाला.

टाळ कडाडले. लोक डोलायला लागले. कुणी मागून पाठीवर थाप मारली. काल्याची हंडी फुटली, दहीलाह्या उडाल्या, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली; महाराजांनी त्याच्या कपाळाला बुक्का लावून स्वतःचं उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं. बायकांच्या घोळक्यातून अंजू पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी. धनराजला वाटलं, हे उपरणं नाही, हा दावणीचा दोर आहे.

पंगती बसायला लागल्या. महाराज कीर्तनानंतर दोन घास खाऊन लगेच निघणारे. तेवढ्यात काहीतरी करायला हवं होतं. धनराज लघवीला जाण्याचं निमित्त करून कट्ट्यामागं गेला, खाली बसला आणि पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. चाक बसलं. हायसं वाटलं. महाराज बाहेर आले की म्हणायचं पंक्चर आहे, दुकानात नेतो, उद्या देतो. पण सप्त्याच्या गावात काय कमी असतं? किशनरावांनी बसलेलं चाक पाहिलं आणि हाक दिली, तर चार घरांतून चार पंप आले. हवा भरायचा मान कुणाला यावरून दोघांत बोलाचाली झाली. चाक आधीपेक्षा टणक झालं. किशनराव धनराजला म्हणाले की बाबा, तू आज पाहुणा हाईस, तू सायकलीला हात लावू नको, गव्हाची गोड हुग्गी खायला बस.

मग त्याला दुसरी कल्पना सुचली. हवा जास्त झाली का बघतो, एक चक्कर मारतो, असं म्हणून तो कुणी हो-नाही म्हणायच्या आत सायकलवर बसला. मनात एकच. मोडू दे. माझ्याखाली मोडू दे. गुडघे फुटतील, चार दात पडतील, लोक म्हणतील धनराजनं वेड्यासारखी चालवली. चावडीपुढचे दगड, गटाराची फरशी, विहिरीकडचा खडकाळ बोळ, त्यानं एक सोडला नाही. बुड उचलून उचलून आपटलं. सायकल कुरकुरलीसुद्धा नाही. घामानं निथळत परत आला तेव्हा पंगतीतल्या लोकांनी उष्ट्या हातांनी त्याला वाखाणलं. असा डाग, म्हणाले, असा डाग पाहिजे.

आणि इथं त्याच्या मनानं सगळ्यात वाईट खेळ केला. त्याला वाटलं, धरली असेल. देवानंच धरली असेल. महाराजांनी गादीवर उभं राहून शब्द दिला, तो खरा करायला देव लांबीचंसुद्धा लोखंड करील. पाप कधी कधी हातात टाळ घेऊन येतं, ते असं. आता गप्प बसलं तरी चालेल, नव्हे गप्प बसणं हीच भक्ती, असं त्याला वाटून गेलं.

उतरता उतरता त्याचा अंगठा खालच्या नळीवरून फिरला. हिरव्या रंगात एक रेघ आली होती. केसाएवढी.

धनराजचं वजन पन्नास किलो. महाराजांचं नव्वद, वर वीणा, वर गाठोडं.

महाराज आले. लोकांनी वाट केली. बायांनी लांबूनच पदर हाताशी धरून नमस्कार केले. त्यांनी वीणा पाठीला बांधली, एक पाय पायडलवर ठेवला आणि दुसरा उचलणार, तर सायकल हलेना. मागं धनराजनं कॅरिअर धरलं होतं. दोन्ही हातांनी.

सोड की रे, किशनराव म्हणाले. लोक हसले, त्यांना वाटलं प्रेमानं धरलंय.

"महाराज, आत काई न्हाई," धनराज म्हणाला.

"कशात?"

"डागात. निस्ती लांबी हाय."

किशनरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कशाची लांबी? निंबर्गा काय लई लांब हाय व्हय? तीन-चार तासाचा रस्ता."

पुन्हा हशा पिकला. माणूस खरं बोलला तरी सुटेना, अशी त्याची गत.  धनराजनं कमरेची दुकानाची चावी काढली, वाकला आणि त्या रेघेवर टोचली. रंग उचकटला. करड्या रंगाची भुकटी महाराजांच्या पायावर सांडली. चावी आत गेली. मुठीपर्यंत आत गेली आणि नळीत खुळखुळली.

त्या आवाजानं पंगतीतले वाढपीसुद्धा थांबले.

महाराजांनी पाय खाली टेकवला. सायकल कट्ट्याला लावली. बराच वेळ ते त्या भोकाकडं पाहत राहिले, नंतर उताराच्या दिशेनं पाहिलं. आता माणसानं रागवावं तर रागवावं, धनराज त्यालाही तयार होता. पण ते बोलले ते वेगळंच.

"माजी मान मोडली असती तर ती माजी व्हती. पन म्या नारदाच्या गादीवर हुबा राहून पाचशे मान्साला खोटं सांगितलं. आन् तू समोर बसून मला ते सांगू दिलास."

  धनराजला कालपासून सायकलीच्या मानेची भीती होती; ही दुसरी मोडतोड त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

किशनरावांनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला. जीप उभी आहे, महाराजांनी बसावं, सायकल मागाहून पाठवतो. आणि लोकांचं काय एवढं, दृष्टांत तो दृष्टांत, तो थोडाच कोणी तपासायला जातो.

"दृष्टांत उसना चालतो, किशनराव," महाराज म्हणाले. "खोटा चालत न्हाई." आणि धनराजकडं न पाहता, "चल दुकानात."

ते पुढं, मागं सायकल ढकलत धनराज, त्यामागं निम्मा गाव. रत्नपाल आपल्या दुकानातून ब्रश हातात घेऊन बाहेर आला, एका नजरेत समजला, आणि काही न विचारता पान्यांचा डबा घेऊन आला.

दुकानात धनराजनं सायकल टेबलावर बांधली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की हे असं वरनं होत न्हाई. मला काल ठाऊक होतं. वरून ठिगळ लावायला जावं तर पत्रा जळतो. नळी पुरती कापावी लागते, आत दुसरी घट्ट नळी घालावी लागते, म्हणजे उष्णता सोसायला आत अंग राहतं. काल महाराजांच्या डोळ्यापुढं त्यांची सायकल दोन तुकडे करायची हिंमत झाली नाही.

"मग आता कर," महाराज म्हणाले, आणि कालच्याच बाकड्यावर बसले. गुणगुणले मात्र नाहीत.

भोकाच्या पुढच्या कडेनं करवतीनं नळी कापली. करवत आरपार गेली तेव्हा गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. भंगारात जुन्या सीटची दांडी होती, ती घासून घासून आत बसेल अशी केली. पण कापलेल्या नळीची दोन्ही टोकं फ्रेमला जोडलेली, मग दांडी आत घालायची कशी? आधी ती सबंध मागच्या तुकड्यात सारली, दोन्ही तोंडं समोरासमोर आणली, आणि मग कालच्या त्या चिंचोक्याएवढ्या भोकातून खिळ्यानं हळूहळू ढकलत अर्धी पुढच्या तुकड्यात नेली. रत्नपालनं फ्रेम सरळ धरली होती. एक डोळा मिटून, बोर्ड रंगवताना ओळ धरतो तशी. अंजू कधी घरी गेली होती कोणास ठाऊक, ती दुकानातल्या त्या ओल धरलेल्या बारीक रॉडचा पुडा चुलीवरच्या तव्यावर शेकून, फडक्यात गुंडाळून घेऊन आली. भाकरी आणावी तशी. तिनं नवऱ्याकडं पाहिलं नाही.

देवळातला माइक बंद झाला होता. करंट चांगला होता. धनराजनं मशीन करंटच्या सगळ्यात खालच्या घरावर ठेवलं आणि एक टिंब दिलं. एकच. थांबला, फुंकर नाही, पाणी नाही, आपसूक निवू दिलं. मग समोरच्या बाजूला एक टिंब. पुन्हा थांबला. वरची काळी खपली ठोकून काढायची, पाहायचं, पुढचं टिंब. असं करत गोल पुरा व्हायला दोन तास लागले. भोक वेगळं बुजवलं. घासलं नाही, रंग लावला नाही. गाठी गाठी दिसत होत्या, ज्वारीच्या कणसासारख्या ओबडधोबड. कुणी हललं नाही. किशनरावांनी दोनदा निंबर्ग्याला फोन करून महाराजांना उशीर होईल असं कळवलं.

काम झालं तेव्हा धनराजनं कोणी विचारायची वाट पाहिली नाही. त्यानं सांगितलं, सपाटीवर बसा, उतारावर उतरून हातात धरून चाला. महिन्यानं परत दाखवा. मोठा दगड दिसला तर बाजूनं. "मला जेवडं येतंय तेवडं केलंय महाराज. त्याच्या वर माजी खातरी न्हाई."

महाराजांनी सांध्यावर हात ठेवला, गरम होता म्हणून काढून घेतला. बरं म्हणाले. आशीर्वाद वगैरे काही नाही. निघाले.

तळ्याच्या उताराच्या तोंडाशी ते खरंच उतरले. गाव परत फिरलं, पण धनराज तिथंच उभा. पांढरा फेटा हळूहळू खाली जात होता, हातात सायकल. तळ्याच्या बांधावर पोचून ते वर चढले आणि बाभळींआड गेले. मग त्याला कळलं की सुटका अजून झालेलीच नाही. रस्त्यात आणखी दोन ओढे आहेत, एक पूल आहे, निंबर्ग्याच्या अलीकडं नवं काम चाललंय, खडी पडलीय. जोवर ते पोचत नाहीत तोवर प्रत्येक खडीवरून तोच चालला होता.

तो किशनरावांच्या ओट्यावर जाऊन बसला.  त्यांना पाहुण्यांपुढं खाली बघावं लागलं होतं. तरी फोन त्यांनी मधोमध ठेवला, दोघांना दिसेल असा. अंजू पंगतीतलं ताट झाकून घेऊन आली, शेजारी ठेवलं, आणि थोडं अंतर सोडून तीही टेकली. सूर्य उतरला. गुरं घरी आली. फोन गप्प.

दिवेलागणीला वाजला. किशनरावांनी कानाला लावला, व्हय व्हय केलं, मध्ये एकदा चकित होऊन आँ म्हणाले, आणि खाली ठेवला.

"पोचले," ते म्हणाले. "धड हाईत."

धनराजनं श्वास सोडला तो अंजूलासुद्धा ऐकू गेला.

"पन उद्या दुपारी परत यायलेत हिकडं. सायकलवरच." किशनरावांनी मान खाजवली. "कीर्तन न्हाई म्हंत्यात. निस्ता आजचा दृष्टांत दुरुस्त करायचाय म्हंत्यात. सगळ्या लोकांला परत बोलवायला सांगितलंय मला. आन् तुला पुढं बसवायला."

 धनराजनं हात लांब करून ताटावरचं झाकण काढलं. हुग्गी गार झाली होती, घट्टही. त्यानं एक घास घेतला आणि ताट अंजूकडं सरकवलं.